मुंबई–दुबई: जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार?

निपाणीच्या दादांनी विचारलंय की तिकिटावर विमान मुंबईहून सकाळी १०.०० ला सुटून दुबईत ११.४५ ला पोचतंय, येताना मात्र दुपारी १.०० ला सुटून संध्याकाळी ५.३० ला. मग खरा वेळ किती? आणि अंतर एके ठिकाणी १,९२५, दुसऱ्या ठिकाणी १,०४० असं कसं लिहिलंय?

आधी घड्याळ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, बारा महिने तेवढीच. तिथं उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढं करत नाहीत. जाताना आलेल्या फरकात दीड तास मिळवा: १.४५ चे ३.१५ झाले. येताना वजा करा: ४.३० चे ३.००.

अंतराचे दोन्ही आकडे बरोबर आहेत. १,९२५ हे किलोमीटर, १,०४० हे सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर येणारं हे अंतर. विमान ठरलेल्या हवाई मार्गानं, अरबी समुद्र ओलांडून ओमानवरून जातं, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं.

आता कुणी म्हणेल, ताशी ८४० नं १,९२५ किलोमीटर म्हणजे सव्वादोन तास, वरचा तास गेला कुठं? तिकिटावरचा वेळ विमान जागचं हलल्यापासून तिकडं जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेतून जाणं, चढताना-उतरताना कमी वेग, सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एकावेळी एकच चालते आणि गर्दीच्या वेळी वर घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या ही उशिराची सोय वेळापत्रकातच धरतात.

येताना कमी वेळ लागतो तो वाऱ्यामुळं. पावसाळा सोडला तर उंचावर बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडं वारं वाहतं, हिवाळ्यात जोरात. समजा वारा ताशी १०० चा, तर जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ७४० उरतो, येताना ९४० होतो. एवढ्यानंच अर्ध्या तासाचा फरक पडतो.

निपाणी-बेळगावकरांसाठी खरा हिशेब मात्र जमिनीवरचा. गोव्याहून दुबई साधारण २,२०० किलोमीटर, म्हणजे विमानात वीसेक मिनिटं जास्त. पण मुंबईला रात्रभर बस, आणि मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) मात्र चोर्ला घाटानं काही तासांवर. त्या दिवशी गोव्याहून थेट विमान असेल आणि भाड्यात फार फरक नसेल, तर मुंबईचा नाद सोडा. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं मुंबई गाठणार असाल तर पुढचं तिकीट त्याच पीएनआरवर (बुकिंगच्या नंबरावर) घ्या. वेगवेगळी तिकिटं असली की मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची जबाबदारी नसते. अशा वेळी मध्ये निदान पाच-सहा तास ठेवा. उतरणार कुठल्या टर्मिनलला तेही बघा: परदेशात जाणारी विमानं टर्मिनल २ वरून सुटतात, आणि टर्मिनल १ वरून तिथं जायचं तर बाहेरच्या रस्त्यानं, ट्रॅफिकमधून.

विमानतळावर तीन तास आधी पोचा. बॅगा घेणारं काउंटर सहसा तासभर आधी बंद होतं. पावसाळ्यात चोर्ल्यात दरड कोसळली की आंबोलीकडून वळसा पडतो, तेव्हा जून ते सप्टेंबर घरातून आणखी दोन तास लवकर निघा.