वाचक विचारतात : व्हेनिसमध्ये खायचं कुठे, प्यायचं काय?

या वेळचे सगळे प्रश्न व्हेनिसचे आहेत. भाव युरोमध्ये आणि साधारण दिले आहेत. हंगामाप्रमाणे आणि गल्लीप्रमाणे ते बदलतात.

प्रश्न : आम्ही चौघे शाकाहारी, त्यात दोघं अंडंही खात नाहीत. तीन दिवस ब्रेड-फळांवर काढायचे का? (सांगली)

तशी वेळ येणार नाही. मात्र ‘व्हेजितेरियानो’ एवढ्या एका शब्दावर विसंबू नका, कारण तिथे मांस नाही म्हणजे शाकाहारी असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि ट्यूना, अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे) त्यात बिनदिक्कत बसतात. ऑर्डर देताना पूर्ण वाक्य म्हणा : ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दि कार्ने’. म्हणजे मांस नको, मासे नकोत, मांसाचं स्टॉक नको. तिसरा तुकडा सर्वांत महत्त्वाचा. रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊसर भात, बघायला शुद्ध भाज्यांचा असतो आणि शिजतो मात्र मांसाच्या स्टॉकमध्ये.

फसवणारे पदार्थ ठरलेले आहेत. ‘बिगोली इन साल्सा’ म्हणजे नुसत्या कांद्यात परतलेल्या जाड शेवया वाटतात, पण त्या कांद्यात अँचोव्ही पूर्ण विरघळवलेली असते. ‘रिझी ए बिझी’ हा मटार-भात पूर्वी 25 एप्रिलला, सेंट मार्कच्या सणाला, व्हेनिसच्या सत्ताधीशाच्या, म्हणजे दोजेच्या, पानात वाढला जाई. त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. घेवड्याच्या ‘पास्ता ए फाजोली’तही तोच धोका. ‘मोत्झारेल्ला इन कारोत्झा’ हे तळलेलं चीज सँडविच काउंटरवर फार मोहक दिसतं, पण इथे त्याच्या पोटात अँचोव्ही किंवा हॅम भरायची पद्धत आहे, वरून अंड्याचं आवरण असतं ते वेगळंच.

अंडं न खाणाऱ्यांनी ताजा पास्ता (ताल्यातेल्ले, राव्हिओली) टाळावा. स्पॅगेटी, पेन्ने यांसारखा वाळवलेला पास्ता सहसा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, शिवाय त्यातली बिस्किटंही अंड्याचीच. पान्ना कोत्ता जिलेटिनने घट्ट करतात, तेही प्राणिजन्य. पार्मेझान आणि ग्राना पादानो ही दोन्ही चीजं वासराच्या रेनेटने, म्हणजे जठरातल्या विरजणासारख्या द्रव्याने, लावतात. चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणायचं.

आता खायचं काय? आर्टिचोकचे (ही फुलाच्या कळीची भाजी) शिजवलेले तळवे, ‘फोन्दी’. लसूण, पार्स्ली आणि ऑलिव्ह तेलातले हे तळवे व्हेनिसचा खरा शाकाहारी ठेवा आहेत. वसंतात गेलात तर सांतेरास्मो बेटावरची ‘कास्त्राऊरे’ ही कोवळी पहिली आर्टिचोकं विचारा. हंगाम थोड्या दिवसांचा असतो. थंडीत त्रेव्हिझोचा लाल कडवट रादिक्यो, ही पालेभाजी, भाजून देतात. भाजलेला पोलेन्ता (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) आहेच, आणि ‘पिझ्झा मारिनारा’. नावात समुद्र असला तरी त्यावर फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजही नाही. पण पिझ्झा हे या शहराचं बलस्थान नव्हे, तो नापोलीत खावा.

प्रश्न : आम्ही मासेखाऊ. व्हेनिसला जाऊन नक्की काय खावं, आणि बिलाचा झटका कसा टाळावा? (मालवण)

आधी बिलाचं. मेन्यूवर माशापुढे ‘आल्लेत्तो’ किंवा ‘एत्तो’ लिहिलं असेल तर तो भाव 100 ग्रॅमचा आहे, अख्ख्या माशाचा नव्हे. एत्तोला 8 युरो वाचून माणूस खूश होतो, 1.2 किलोचा ब्रान्झिनो (सी बास मासा) ताटात येतो आणि बिलात 96 युरो लागतात. वजन कच्च्या माशाचं धरतात, डोकं-काट्यांसकट. म्हणून मासा टेबलाशी दाखवायला आणतील तेव्हाच विचारा, ‘क्वान्तो विएने इन तुत्तो?’, एकूण किती होतील? विचारण्यात संकोच नको, तिथली माणसंही विचारतात. पदार्थापुढे तारांकन असेल तर माल गोठवलेला आहे.

रिआल्तोचा मासळीबाजार मंगळवार ते शनिवार, सकाळचाच भरतो. त्यामुळे रविवारी-सोमवारी कच्च्या माशाचे पदार्थ मागवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मुरवलेले पदार्थ खावेत, आणि तेच इथले सर्वांत जुने आहेत. ‘सार्दे इन साओर’ म्हणजे तळलेल्या सार्डिनवर व्हिनेगरमध्ये मऊ केलेल्या कांद्याचे थर, मध्ये बेदाणे आणि चिलगोजे. खलाशांसाठी टिकाऊ म्हणून ही रीत पडली. निदान एक दिवस मुरल्याशिवाय तिला चव येत नाही, आणि ती थंडच वाढतात; गरम करून मागू नका. ‘बाक्काला मान्तेकातो’ हा नॉर्वेच्या वाऱ्यावर मिठाशिवाय वाळवलेला कॉड. भिजवून, उकडून, तेलाची धार सोडत तो लोण्यासारखा होईपर्यंत घोटतात आणि ब्रेडवर किंवा पोलेन्त्यावर देतात. पिएत्रो क्वेरीनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं जहाज 1431-32 च्या हिवाळ्यात फुटलं आणि तो नॉर्वेच्या लोफोतेन बेटांवर जाऊन पडला; या माशाची व्हेनिसला ओळख झाली ती तिथपासून, असं सांगतात. सुक्या बोंबलावर वाढलेल्या जिभेला तो सौम्य लागेल. पण दाणेदार किंवा तेल सुटलेला मिळाला तर घोटणाऱ्याने घाई केली आहे, पुढच्या दुकानी जा.

याशिवाय खाडीतली बारीक करडी कोळंबी ‘स्किए’ पांढऱ्या पोलेन्त्यावर, आणि शाईत शिजवलेले माकूल (दात काळे होतात, फोटो आधी काढून घ्या). वसंतात आणि शरदात ‘मोएके’, कात टाकलेले मऊ कवचाचे खेकडे, कवचासकट खायचे. तळण्याआधी ते जिवंतच फेटलेल्या अंड्यात सोडतात. हे ऐकून जेवण जाणार नसेल तर विसरून जा.

प्रश्न : ‘बाकारो’ म्हणजे काय आणि तिथे वागायचं कसं? (नाशिक)

बाकारो म्हणजे गल्लीतला छोटा वाइन-बार. काउंटरच्या काचेत चिकेत्ती मांडलेली असतात : घासभर ब्रेडवर काहीतरी, तळलेले गोळे, काडीला टोचलेलं ऑक्टोपस. एकेकाचा भाव 2 ते 4 युरो. सोबत ‘ओम्ब्रा’, वाइनचा छोटा ग्लास. बसायला जागा नसते, आणि तीच तर गंमत. बोटाने दाखवायचं, दोन-तीन घ्यायचे, उभ्याने खायचे, पुढच्या बाकारोत जायचं. एकाच ठिकाणी पोट भरायला गेलात तर बिल रेस्टॉरंटएवढं होतं.

चूक होते ती वेळेची. रिआल्तोजवळचे बाकारो बाजाराच्या घड्याळावर चालतात. ‘आल्लार्को’ला सकाळी अकराच्या सुमारास जा, रात्रीचं जेवण म्हणून तिथे जाल तर बंद दार दिसेल. 1462 पासूनचं म्हणून प्रसिद्ध असलेलं ‘कान्तीना दो मोरी’ही लवकर मिटतं. तिथली ‘फ्राङ्कोबोल्ली’, टपाल-तिकिटाएवढी सँडविचं, चाखून पाहा. दोर्सोदुरो भागात सान त्रोवासो कालव्यावर ‘कान्तीना देल व्हीनो जा स्क्यावी’ आहे. समोरच गोंडोला दुरुस्तीचं जुनं आवार. संध्याकाळी उशिरापर्यंत जाग हवी असेल तर कान्नारेज्जो भागात ओर्मेझीनी आणि मिझेरिकोर्दिया या कालव्याकाठच्या वाटा धरा. सान मार्को चौकाभोवती ज्या दुकानापुढे माणूस उभा राहून हाका मारतो आणि मेन्यूवर फोटो असतात, तिथून सरळ पुढे व्हायचं.

प्रश्न : स्प्रिट्झ तिथे कोणता मागावा? घरी करता येतो का? (ठाणे)

स्प्रिट्झ म्हणजे प्रोसेक्को (तिथली फसफसती पांढरी वाइन), कडू मद्य आणि सोडा यांचं पेय. मागताना त्यातल्या कडू मद्याचं नाव सांगावं लागतं. आपेरोल गोडसर, 11 टक्के अल्कोहोलचं. काम्पारी चांगलंच कडू, साधारण 25 टक्के. ‘सेलेक्त’ हे व्हेनिसचं स्वतःचं, 1920 पासूनचं, 17.5 टक्के, त्यात संत्र्याच्या फोडीऐवजी हिरवं ऑलिव्ह येतं. आम्ही सेलेक्तच्या बाजूने आहोत. काम्पारी स्प्रिट्झच्या एका ग्लासात आपेरोल स्प्रिट्झच्या साधारण दीडपट अल्कोहोल जातं, हे दुसरा ग्लास मागताना लक्षात असू द्या.

घरी : मोठा ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. मग 90 मिली थंडगार प्रोसेक्को, 60 मिली आपेरोल किंवा सेलेक्त, 30 मिली सोडा, याच क्रमाने. चमच्याने एकदाच खालून वर. जास्त ढवळलं तर बुडबुडे जातात. बर्फ कमी घालणं ही नेहमीची चूक. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. दारू न घेणाऱ्यांनी ‘क्रोदीनो’ मागावं. रंग तोच, कडवटपणा तसाच.

प्रश्न : सान मार्को चौकात कॉफी घ्यावी का? (पुणे)

‘फ्लोरियान’ 1720 सालचं आहे. बाहेर टेबलाशी बसलात आणि वाद्यवृंद वाजत असेल तर माणशी संगीताचा वेगळा आकार लागतो, हे मेन्यूत लिहिलेलं असतं. तासभर निवांत बसणार असाल तर पैसे वसूल. नुसत्या कॉफीसाठी नको. आतल्या बारपाशी उभ्याने प्यायलात तर बरंच स्वस्त पडतं. इतर कुठल्याही बारमध्ये उभ्याने एस्प्रेसो दीड युरोच्या आसपास, आणि खुर्चीत टेकताच भाव बदलतो. काही ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवायची असते. जेवणाच्या बिलातला ‘कोपेर्तो’, माणशी 2 ते 4 युरो, हा कायदेशीर आकार आहे, त्यावर वाद घालू नये. तो दिल्यावर टिप देण्याची सक्ती नाही.

प्रश्न : मुलांना चार वाजता भूक लागते. तेव्हा काय? (बेळगाव)

स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात, ती सातला उघडतात. मधल्या वेळी कोणत्याही बारमध्ये त्रामेझ्झिनी मिळतात, मऊ पांढऱ्या ब्रेडची फुगीर सँडविचं; सारण विचारून घ्या. कान्नारेज्जोतल्या जुन्या ‘तेआत्रो इतालिया’ चित्रपटगृहात आता सुपरमार्केट आहे, तिथे दही, फळं, ब्रेड घेता येतं आणि छतावरची चित्रंही बघून होतात. मात्र घेतलेलं सान मार्को चौकात किंवा पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नका. चौकात 100 युरोंपासून दंड आहे. बाकावर बसलात तरी सँडविच उघडं धरू नका, सीगल पक्षी हातातून उचलतात. पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. चौकाचौकांतल्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचंच आहे, रिकामी बाटली बरोबर ठेवा.