वाचकांचे प्रश्न : कादंबरीकार संपादकाच्या खुर्चीत

प्रश्न : ग. त्र्यं. माडखोलकरांच्या कादंबऱ्या मी महाविद्यालयात असताना आवडीने वाचल्या होत्या. त्यांनी नागपूरच्या दैनिकाचे संपादकपद दीर्घकाळ सांभाळले, हे मला अलीकडेच कळले. रोजच्या अग्रलेखांच्या धबडग्यात त्यांच्यातला साहित्यिक हरवला, असे म्हणता येईल का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : तसे मला वाटत नाही, कारण माडखोलकर आधी नामवंत कादंबरीकार झाले आणि मग पोटासाठी वृत्तपत्राकडे वळले, असा क्रम मुळात नव्हताच. रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या वर्तुळात वावरलेला, ‘आधुनिक कविपंचक’सारखे समीक्षेचे पुस्तक ऐन तारुण्यात लिहिणारा हा लेखक विसाच्या दशकातच नागपूरच्या ‘महाराष्ट्र’ पत्रात दाखल झाला होता. ‘मुक्तात्मा’ (१९३३) आणि ‘भंगलेले देऊळ’ (१९३४) या कादंबऱ्या त्यानंतरच्या, म्हणजे रोज बातम्यांच्या सहवासात असलेल्या माणसाच्या आहेत. मराठी राजकीय कादंबरीची चर्चा ‘मुक्तात्मा’पासून सुरू होते, याचे श्रेय मी मोठ्या प्रमाणात त्या सहवासाला देतो.

नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. मंत्रिमंडळे तिथे घडत आणि मोडत; १९३८ साली डॉ. ना. भा. खरे यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, ते राजकारण पुण्या-मुंबईच्या लेखकापर्यंत वर्तमानपत्रातून पोहोचत होते, तर नागपूरच्या पत्रकाराच्या ते दारातच घडत होते. पक्षातली माणसे एकमेकांशी कशी वागतात, ध्येयवादाच्या आड महत्त्वाकांक्षा कशी लपते, हे ज्याला रोज पाहावे लागते त्याच्या कादंबरीत राजकारण केवळ पार्श्वभूमी म्हणून राहणे कठीणच होते.

या व्यवसायाची किंमत मात्र त्यांच्या लेखनाने चुकवली, हेही मान्य केले पाहिजे. त्यांच्या कादंबऱ्यांत पात्रे अनेकदा संवाद थांबवून वादविवाद करू लागतात, आणि तिथे कादंबरीकाराच्या हातातली लेखणी अग्रलेखकाने घेतल्याचे स्पष्ट जाणवते. आज पुन्हा वाचताना आपणांसही ती पाने जड जातील, असा माझा अंदाज आहे.

१९४४ मध्ये ते नागपूरच्या दैनिक ‘तरुण भारत’चे संपादक झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. दोनच वर्षांनी, १९४६ साली, बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. जिथे मराठीला हिंदीच्या शेजारी एका प्रांतात नांदावे लागत होते, अशा शहराचा संपादक कानडी मुलखाला लागून असलेल्या बेळगावात अध्यक्ष म्हणून उभा राहतो, तेव्हा विखुरलेल्या मराठी प्रदेशांच्या एकीकरणाचा विषय त्याला बाहेरून सुचवावा लागत नाही. साहित्यिक आणि संपादक ही त्यांची दोन रूपे इतकी एकजीव झालेली मला दुसरीकडे क्वचितच दिसतात.

साहित्यिकाने संपादक होणे नागपुरात अगदीच नवे नव्हते. त्यांच्या आधी अच्युतराव कोल्हटकरांनी तिथल्या ‘देशसेवक’चे संपादन केले होते आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगवास भोगला होता, कथाकार पु. भा. भावे यांनीही ‘आदेश’ हे साप्ताहिक नागपुरातूनच चालवले.

आपण कादंबऱ्या वाचल्याच आहेत, म्हणून यापुढे ‘एका निर्वासिताची कहाणी’ अवश्य वाचावी. गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत माडखोलकरांचे नागपूरचे घर जळाले, आणि इतरांवरच्या आपत्तींच्या बातम्या वर्षानुवर्षे छापत आलेला हा संपादक त्या पुस्तकात स्वतःवर ओढवलेली आपत्ती सांगतो.