केएआयटी प्लाझा : मंडप म्हणावं की आणखी काही?

प्रश्न असा : जपानमधल्या कानागावा तंत्रविद्यापीठाच्या आवारात वास्तुकार जुन्या इशिगामी (Junya Ishigami) यांनी बांधलेल्या ‘केएआयटी प्लाझा’वर मराठीत लिहायचं आहे. विद्यार्थ्यांनी जमावं, बसावं, लोळावं यासाठीची ही वास्तू. इंग्रजी लेखांत तिला कुठे ‘पॅव्हेलियन’ म्हटलंय, कुठे ‘प्लाझा’. मराठीत मंडप, सभामंडप की प्रांगण?

पॅव्हेलियन दिसलं की हात मंडपाकडे जातो, आणि एरवी ते चालतंही. (आपल्या क्रीडापानांवर फलंदाज ‘तंबूत’ परततात, तेही बरोबरच, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फुलपाखरू, त्यावरून पुढे तंबू.) पण इथे अडतं. मांडव असो की देवळाचा मंडप, खांब आधी, छत मागून; लग्नाचा मांडवसुद्धा मुहूर्तमेढ रोवून सुरू होतो. खांब नसले तर ते आवर्जून सांगावं लागतं, म्हणून तर कोल्हापुरात ‘बिनखांबी गणेश’ आहे. आणि मांडवाच्या बाजू बहुधा मोकळ्या.

२०२० साली पूर्ण झालेल्या या प्लाझात सगळं उलटं आहे. चारी बाजूंना भिंती, आत एकही खांब नाही. वर जेमतेम १२ मिलिमीटर जाडीचं पोलादी छत, सुमारे ४,१०० चौरस मीटरांचं. ते भिंतींना ताणून टांगलेलं आहे, म्हणून मध्ये झोळ पडतो. जमीनही त्याच झोळाने उतरत जाते. त्यामुळे उंची कुठेही साधारण २.२ ते २.८ मीटरच राहते. उभ्यापेक्षा बसलेल्या माणसाला ही जागा मोठी वाटते. टांगलेलं छत भिंतींना आत ओढतं, तेव्हा त्या मागून जमिनीत नांगर टाकल्यासारख्या धरून ठेवाव्या लागतात. लिहिताना ‘भिंतींवर टेकलेलं छत’ लिहू नका; टेकणं आणि ओढणं यांत बांधकामाचा सगळा फरक आहे.

छतात ५९ चौकोनी भोकं आहेत, आणि त्यांना काच नाही. पोलाद उन्हाने वाढतं : ९० मीटर पत्रा ३० अंशांनी तापला तर लांबी तीनेक सेंटिमीटरच वाढते, पण टांगलेल्या पत्र्यात एवढ्यानेही झोळ त्याच्या कित्येक पट खाली येतो. अशा हलत्या छतात काच घट्ट बसवली तर ती तडकणार. म्हणून ऊन, वारा, पाऊस थेट आत. पाऊस भोकाभोकातून चौकोनी धारांनी पडतो, मधली जमीन कोरडी.

भिंतींनी वेढलेली, आभाळाला उघडी, पाऊस आत घेणारी, लोक बसतात अशी जागा म्हणजे आपल्याकडे चौक, वाड्याचा. ‘सभामंडप’ नकोच, त्यात गाभारा समोर आला, आणि इथे तोंड करून बसायला समोर काहीच नाही. ‘प्रांगण’ विद्यापीठांच्या पत्रकांनी अख्ख्या आवारासाठी वापरून टाकलं आहे, वाचक गोंधळेल. तेव्हा नाव ‘केएआयटी प्लाझा’ तसंच ठेवावं आणि वर्णनात ‘छताखालचा बिनखांबी चौक’ लिहावं. पहिल्यांदा पूर्ण, पुढे नुसतं ‘चौक’.

याच आवारातली इशिगामींची २००८ची कार्यशाळा मात्र ३०५ बारीक खांबांची आहे. भोवती काच असली तरी तिला मंडप म्हटलं तर माझी हरकत नाही. दोन्ही वास्तू एकाच लेखात येत असतील तर हा भेद राखाच, नाहीतर दोन्ही ‘मंडप’ होऊन बसतील.

भोकांसाठी ‘झरोका’ टाळावा, तो भिंतीतला. मराठवाड्यात माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला उजेडासाठी छतात ठेवतात ते साणं, काही भागांत सवणं. अर्थ नेमका तोच. पुण्यामुंबईच्या वाचकासाठी पहिल्या वेळी ‘छतातली साणी, म्हणजे उजेडाची भोकं’ एवढं पुरे.