आई, लेक आणि मोठाली झाडं: कर्नाळ्याला जा, पण किल्ला सोडा

६८ वर्षांच्या आईचे गुडघे कुरकुरतात, ६ वर्षांची लेक स्वस्थ बसत नाही, दोघींना मोठाल्या झाडांखालून फिरवायचंय आणि दुपारी जेवायला कोपरखैरण्याला परतायचंय, असं तुम्ही विचारलंय. येऊरचं जंगल ठाणेकरांना सोयीचं. तुम्हाला पनवेलची दिशा बरी. कर्नाळ्याला जा. तिथलं पक्षी अभयारण्य पनवेलहून गोवा महामार्गाने साधारण १२ किलोमीटर. गाडी नसेल तर पेण-अलिबागकडची एसटी पकडा, अभयारण्यापाशी उतरता येतं.

घरून निघतानाच ठरवा की किल्ला चढायचा नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो अंगठ्यासारखा सुळका बघून मी हट्टाला पेटले. सासूबाई अर्ध्या चढावर दगडावर बसल्या त्या उठेचनात, मुलगा रडकुंडीला आला, डबा तिथेच उघडला. झाडं बघायची राहिली ती राहिलीच! शिवाय सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. लहान मूल बरोबर असताना तो धोका कशाला?

खालची हरियाल पायवाट धरा. मोरटाका ही दुसरी पायवाट लांब पडेल. हरियाल म्हणजे आपला राज्यपक्षी, पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर. उंबर पिकला असेल तर खाली पाच मिनिटं गप्प उभं राहून बघा. दिसेलच असं नाही हं.

झाड किती मोठं आहे ते मुलांना सांगून कळत नाही, बुंध्याला कव घालायला लावा. दुसऱ्या खेपेला एका बेहड्याला मी, नवरा आणि मुलगा तिघांनी कव घातली तरी हातभर फट राहिली. शेवटी सासूबाई पदर खोचून आल्या, तेव्हा कुठे कडं पुरं झालं. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, खोल भेगांची. तिच्यावरून लेकीला बोटं फिरवू द्या. जुन्या काटेसावरीच्या तळाशी फळ्या उभ्या केल्यासारखी मुळं फुटलेली असतात आणि दोन फळ्यांच्या बेचक्यात पोर आरामात मावतं. कोवळ्या सावरीच्या खोडाला मात्र शंकूसारखे काटे असतात, हात लावण्याआधी बघा. फेब्रुवारीत गेलात तर सावरीवर पानं नाहीत, नुसती लाल फुलं. खाली पडलेलं एखादं उचलून आईच्या हातात द्या, चांगलं जडशीळ असतं.

सकाळी लवकर पोचा, उशिरा सहलींचा गलका सुरू होतो. पाणी स्टीलच्या बाटलीतून न्या आणि डबा माकडांसमोर उघडू नका.

परतताना शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव (१८४५). त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. आमच्या सासूबाई किल्ल्यावर पोचल्या नाहीत, पण इथे मात्र अर्धा तास रेंगाळल्या.