स्वाइल, बेडलॅमर, स्कल्प: न्यूफाउंडलंडचे सील आणि आपला बैलबाजार

प्रश्न असा आहे: कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका सील-शिकाऱ्याच्या जुन्या आठवणी मराठीत आणताना ‘स्वाइल’, ‘बेडलॅमर’, ‘रॅगेड जॅकेट’, ‘स्कल्प’ हे शब्द अडले. नेहमीच्या इंग्रजी कोशांत धड सापडत नाहीत. शिवाय सीलला मराठी शब्द कोणता, ‘समुद्रसिंह’ चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही चालणार. समुद्रसिंह म्हणजे सी लायन, वेगळा प्राणी. त्याच्या कानाच्या पाळ्या बाहेर दिसतात आणि मागचे वल्ह्यासारखे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालतो. या शिकाऱ्यांच्या सीलला कानाच्या जागी नुसतं भोक, आणि तो पोटावर सरपटतो. कुणी ‘पाणमांजर’ सुचवेल, पण ते आपलं ऊद, नदी-खाडीतलं. अरबी समुद्रात सील नाहीतच, त्यामुळे आपल्या कोळ्या-गाबितांवर त्याचं नाव ठेवायची वेळच आली नाही. तेव्हा ‘सील’ हाच मराठी शब्द समजा. फक्त ‘सील केलेली कातडी’ असलं वाक्य हातून जाऊ देऊ नका. दुकान सील करतात ते सील मुद्रा या अर्थाच्या लॅटिन ‘सिगिलम’वरून आलं, प्राण्याचं जुन्या इंग्रजीतल्या ‘सेओल्ह’वरून. दोन वेगळे शब्द झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन थांबले, एवढंच.

त्याच ‘सेओल्ह’चं स्कॉटलंडात ‘सेल्क’ आणि लाडानं ‘सेल्की’ झालं, तर न्यूफाउंडलंडात ‘स्वाइल’. या बेटावर वस्ती केली ती मुख्यतः इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या आणि आयर्लंडच्या आग्नेयेकडच्या लोकांनी. त्यांची बोली तिथे एकटी पडली आणि टिकली, इतकी की तिच्यासाठी १९८२मध्ये स्वतंत्र मोठा कोश काढावा लागला. तुमचे अडलेले शब्द त्यात मिळतील. स्वाइल म्हणजे साधा सील आणि स्वाइलर म्हणजे त्याचा शिकारी. तिकडे एक विनोद सांगतात. बाहेरच्या माणसानं विचारलं, “स्वाइलचं स्पेलिंग कसं करता हो?” म्हातारा म्हणाला, “स्पेलिंग करत नाही आम्ही. ओढून आणतो.”

आता वयाचे शब्द. इथे आपल्या गुरांच्या बाजाराची आठवण ठेवली की अर्धं काम झालं. शहरातल्या माणसाला बैल तो बैलच. बाजारात मात्र व्यापारी जबडा उघडून दात बघतो आणि आदत, दुसा, चौसा, जुळलेला असं एका शब्दात सांगतो. त्या एका शब्दात वय आलं, कामाची ताकद आली, किंमतही आली. सीलचं तसंच.

हार्प जातीचे सील फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये समुद्रावरच्या बर्फावर वितात. पिल्लू जन्मतः सुमारे ११ किलोचं असतं. आईचं दूध जेमतेम बारा दिवस मिळतं, पण ते इतकं स्निग्ध असतं की तेवढ्यात पिल्लाचं वजन ३५ किलोच्या आसपास जातं, आणि ही वाढ मुख्यतः चरबीची. या पांढऱ्याशुभ्र पिल्लाला ‘व्हाइटकोट’ म्हणतात. पांढरे केस पुंजक्या-पुंजक्यांनी झडायला लागले, अंगरखा फाटल्यासारखं दिसू लागलं, की तेच ‘रॅगेड जॅकेट’. सगळे झडून ठिपक्यांचं रुपेरी अंग निघालं आणि ते पोहायला लागलं की ‘बीटर’. साधारण वर्षाचं झाल्यापासून वयात येईपर्यंत ‘बेडलॅमर’. आणि पाठीवर हार्प या तंतुवाद्यासारखा काळा पट्टा उमटला, की तो पुरता ‘हार्प’. कॅनडानं व्हाइटकोटची व्यापारी शिकार १९८७मध्ये बंद केली. आता मुख्यतः बीटर मारले जातात.

बेडलॅमर हा फ्रेंच ‘बेत द ला मेर’, म्हणजे समुद्रातलं जनावर, याचा अपभ्रंश असं हटकून सांगितलं जातं. मला ही व्युत्पत्ती जरा जास्तच गोंडस वाटते. ‘बेडलॅम’ म्हणजे वेड्यांचा गोंधळ, हा शब्द इंग्रजीत आधीच होता, आणि अर्धवट वयाच्या उनाड जनावराला तो शोभतोही. गंमत म्हणजे मिसरूड फुटू लागलेल्या पोरालाही तिकडे ‘बेडलॅमर बॉय’ म्हणत. आपण नाही का म्हणत, “एवढा टोणगा झालाय, अजून अक्कल नाही”? तुमच्या मजकुरात हा शब्द माणसाला लावलेला असेल तर बेलाशक टोणगा लिहा. सीलला मात्र नको, वाचक म्हैस शोधत बसेल.

‘स्कल्प’ म्हणजे नुसतं कातडं नव्हे. खालच्या चरबीच्या थरासकट सोललेलं कातडं ते स्कल्प, आणि तसं सोलण्याच्या क्रियेलाही हाच शब्द. एके काळी खरा पैसा तेलात होता, म्हणून चरबी कातड्याला राखून सोलायचं. हातात ‘गॅफ’ असे, म्हणजे टोकाला लोखंडी आकडा बसवलेली लांब काठी. तिनंच सील मारायचा आणि तिचाच आधार घेत एका हिमखंडावरून दुसऱ्यावर उडी टाकायची. तरंगत्या सपाट तुकड्याला ‘पॅन’ म्हणत. किनाऱ्यावरची पोरं हाच सराव खेळ म्हणून करत: पुढचा जिथे उडी मारेल तिथेच मागच्यानं मारायची. खेळाचं नाव ‘कॉपी’, कारण पुढच्याची नक्कल.

आठवणींत १९१४ साल आलं तर जपून वाचा. ‘न्यूफाउंडलंड’ याच नावाच्या जहाजाचे १३२ लोक त्या वर्षी वादळात दोन रात्री बर्फावर अडकले. त्यांतले ७८ गेले. तिथे ‘न्यूफाउंडलंड’ दिसलं की बेट की जहाज, हे दर वाक्याला तपासावं लागेल. आणि ‘बर्फाला गेला’ असा प्रयोग भेटला तर शब्दशः घेऊ नका, त्याचा अर्थ सीलच्या शिकारीला गेला. पण मराठीत तो तसाच ठेवावा असं मला वाटतं. ‘दर्याला गेला’ आपल्याला कळतं, तसं दोन-चार पानांत हेही कळेल.

वयाची नावं तशीच ठेवून पहिल्या वेळी अर्थ वाक्यात मुरवा: ‘केस झडायला लागलेलं रॅगेड जॅकेट’. स्कल्पला ‘चरबीसकट कातडं’. आणि निवेदनात सील, शिकाऱ्याच्या तोंडी स्वाइल. त्याच्या तोंडी सील घातलात, तर तो बेटाच्या राजधानीतल्या, सेंट जॉन्सच्या, कचेरीतला कारकून वाटेल.