मुलांना दाखवण्याआधी हात बघा

लाकूडकामाचा व्हिडिओ मुलांना दाखवायचा असेल तर आधी आवाज बंद करून स्वतः पाहा आणि नजर फक्त करणाऱ्याच्या हातांवर ठेवा. गोड बोलणारा माणूसही पात्याजवळ बोटं नेतो, ते आवाज नसला की चटकन दिसतं. टेबल सॉचं (टेबलात बसवलेल्या विजेच्या करवतीचं) गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढलेलं, डोळ्यांना संरक्षक चष्मा नाही, फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे (हो, हातमोजेच! ते गुंडाळले जाऊन हात आत ओढतात) असं काही दिसलं की पुढे बघायची गरजच नाही.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळणारे व्हिडिओ सरळ बाद. तिथे सुमारे २,००० व्होल्ट असतात. त्यात जाणती माणसंही दगावली आहेत.

‘मुलांसाठी’ असा शिक्का बघून गाफील राहू नका. पातं अंगापासून दूर कसं न्यायचं, तुकडा क्लॅम्पमध्ये कसा आवळायचा, हे एडिटिंगची कात्री न लावता दाखवणारा संथ, थोडा कंटाळवाणा व्हिडिओ मला जास्त भरवशाचा वाटतो. दहा मिनिटांत कपाट उभं करणारे तर मोठ्यांनाही फसवतात. सुरुवात सँडपेपर, हातकरवत आणि मऊ लाकडापासून करा, शेजारी बसून, व्हिडिओ थांबवत थांबवत.