पूर्ण नवी मोटारसायकल: लगेच नोंदवावी, की थांबावे?

प्रश्न : मला पूर्वीपासून आवडणाऱ्या मोटारसायकलचे पूर्णपणे नवे मॉडेल नुकतेच बाजारात आले आहे. इंजिन, चॅसी, डिस्प्ले असे सारेच बदलले आहे. माझी सध्याची गाडी जुनी असली तरी विनातक्रार चालते. नव्या गाडीची नोंदणी आताच करावी का?

उत्तर : आपली गाडी विनातक्रार चालते, हे आपणच लिहिले आहे, तेव्हा माझे उत्तर ‘थांबावे’ असेच आहे. गाडीवाचून ज्याचे रोजचे काम अडले आहे, त्याला हा सल्ला मी इतक्या सहजपणे दिला नसता.

केवळ टाकी, दिवे आणि रंगसंगती बदलून इंजिन व गिअरबॉक्स जुनेच ठेवले असते, तर पहिल्या खेपेतली गाडी घेण्यात फारसा धोका नव्हता. इथे मात्र इंजिनच नवे आहे. कंपनी चाचण्या कसून घेते, याबद्दल शंका नाही. परंतु हजारो चालकांच्या हाती, वेगवेगळ्या हवामानात आणि रस्त्यांवर गाडी वापरली जाऊ लागल्यावर जे उघड होते, ते चाचणीच्या मोजक्या गाड्यांवर दिसेलच असे नाही. नामवंत कंपन्याही याला अपवाद नाहीत. बीएमडब्ल्यूने २०१४ मध्ये नव्या इंजिनासह आणलेल्या आर १२०० आरटीच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा तुटण्याची शक्यता दिसून आली आणि तसे सस्पेन्शन असलेल्या गाड्या चालवू नयेत, असे मालकांना कळवण्यात आले. यामाहाने २०१५ मध्ये संपूर्णपणे नव्याने आणलेल्या आर-१ या गाड्या गिअरबॉक्समधील गिअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. अशी दुरुस्ती विनामूल्य होते आणि गाड्या परत बोलावणारी कंपनी दोष दडवणाऱ्या कंपनीपेक्षा केव्हाही बरी. परंतु सुटे भाग येईपर्यंत आपली गाडी उभी राहते, त्याची भरपाई सहसा होत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न तर दोष नसतानाही येतो. गाडी उभ्याउभ्या कलंडून क्लचचा लिव्हर वाकला किंवा बाजूचे पॅनेल तडकले, तर जुन्या मॉडेलचा भाग सहज मिळतो. नव्याचा मात्र मागवावा लागतो. क्रॅश गार्ड आणि सामानाचे कॅरिअरही उशिराच येतात.

वर्षभर थांबल्यास पहिल्या ग्राहकांचे अनुभव कळतील. त्यांतले पहिल्या आठवड्यातले कौतुक बाजूला ठेवून, दोन-तीन सर्व्हिसिंग झालेल्या मालकांना गाठावे आणि इंजिन किती तापते, तेल कुठे पाझरते का, डिस्प्ले मध्येच बंद पडतो का, हे विचारावे. चाचणी फेरी भर उन्हात घ्यावी, म्हणजे डिस्प्लेवरचे आकडे वाचता येतात की नाही तेही कळेल. खरेदी करताना चॅसी क्रमांकावरून निर्मितीचा महिना तपासून घ्यावा, कारण दुरुस्त केलेले भाग वर्षाच्या मध्येच उत्पादनात येतात आणि विक्रेत्याकडे त्याआधीची गाडी शिल्लक असू शकते.

एवढे सांगूनही आपण आताच नोंदणी करणार असाल, तर नवी गाडी प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जुनी विकू नये. नव्या मॉडेलच्या बाबतीत ताबा मिळण्याची तारीख पुढे जाणे नेहमीचेच आहे.